राजनंदिनीचे एकोणचाळीस शब्द

नसीमबानूंच्या दारावर पाटी नव्हती आणि लागणारही नव्हती. स्वारगेटच्या मागच्या गल्लीतली सहा मजली इमारत, तिचा तळमजला, लिफ्टच्या डाव्या हाताचं दार. सकाळी नऊला जिथून पोराचं रडणं ऐकू येतं आणि सव्वानऊला हसणं, ते घर त्यांचं. एवढा पत्ता इमारतीला पुरत होता. बावीस वर्षांत त्यांनी इथली अकरा मुलं सांभाळली. त्यातला पहिला आता दाढी राखून मोटारसायकलवर फिरतो, पण जिन्यात नसीमबानू दिसल्या की अजून मोबाइल खिशात घालतो.

बारावी राजनंदिनी. वय दोन वर्षं एक महिना. नाव अंगापेक्षा लांब, म्हणून सगळे नंदू म्हणत. तिची आई भाग्यश्री यवतमाळची, बाप सुदर्शन वाशीमचा. दोघंही हिंजवडीच्या कंपन्यांत कामाला. सकाळी पावणेनऊला मुलगी खाली सोडायची आणि संध्याकाळी सातला, रहदारीने दया केली तर साडेसहाला, वर न्यायची. मधले दहा तास नंदू नसीमबानूंची आणि युसूफभाईंची, म्हणजे तिच्या नानी-नानांची. युसूफभाई म्हणजे नसीमबानूंचे यजमान, मंडईपाशी त्यांचं कुकर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान. दुपारी ते जेवायला घरी येत, जेवण झालं की नंदूला पोटावर झोपवायला घेत आणि तिच्याआधी स्वतः झोपून जात.

या घरात बोलणं दखनीत चाले. दखनी म्हणजे पुण्याच्या पेठांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली हिंदी. तिच्यात निम्मं मराठी असतं, पण बोलणाऱ्याला तसं सांगितलं तर तो मानत नाही. उंबरा ओलांडला की नसीमबानूंची मराठी सुरू होई, आणि ती मात्र बावनकशी पुणेरी. माहेर शनिवार पेठेतलं; टोमणा कसा मारायचा आणि मारून झाल्यावर चेहरा कसा कोरा ठेवायचा, हे शिक्षण त्यांना तिथे लहानपणीच मिळालं होतं. मंडईतला कोथिंबीरवाला त्यांना लांबून पाहिलं की जुडी आपणहून मोठी करून ठेवायचा. पण नंदूशी त्या दखनीतच बोलत. आपल्या शहेजाद आणि नाजिमाशी तशाच बोलल्या होत्या, आधीच्या अकरा मुलांशीही तशाच. शहेजाद आता शारजात नोकरीला होता, नाजिमा कोंढव्याला सासरी. घर सकाळी नऊला भरायचं आणि संध्याकाळी सातला ओसाड व्हायचं. हे त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, युसूफभाईंनाही नाही.

जानेवारी लागला की पुण्यात दोन गोष्टी स्वस्त होतात, मटार आणि सल्ला. नर्सरीच्या प्रवेशांचे तेच दिवस. भाग्यश्री आणि सुदर्शनने एका चांगल्या नावाजलेल्या नर्सरीचा फॉर्म आणला. त्यात एक अख्खं पान कोरं होतं आणि वर लिहिलं होतं, मूल बोलत असलेल्या शब्दांची यादी द्या. दोघांनी एक रविवार त्यापायी घालवला. नंदूला पुढ्यात बसवलं, चित्रांची पुस्तकं उघडली, खेळणी मांडली आणि ती जे जे बोलली ते सुदर्शनने लॅपटॉपवर टिपलं. रात्रीपर्यंत यादी तयार झाली. एकोणचाळीस शब्द भरले.

नर्सरीतल्या बाईंनी ती यादी पेन्सिलीच्या टोकाने मोजली. दोन वर्षांच्या मुलाला पन्नास तरी यायला हवेत, म्हणाल्या. मग घरात किती भाषा चालतात असं विचारलं. भाग्यश्रीने प्रामाणिकपणे सांगून टाकलं: आम्ही दोघं मराठीत बोलतो, नंदूशी मध्येमध्ये इंग्रजी, माझ्या आईचा फोन आला की वऱ्हाडी, आणि खाली ज्यांच्याकडे ती असते तिथे हिंदी. बाईंनी मान हलवली. मुलीच्या डोक्यात खिचडी झालीय, एक भाषा धरा आणि बाकीच्या बंद करा, असं सांगून त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला. जाताजाता वाचातज्ज्ञाला दाखवून या, असंही वर सांगितलं.

त्या संध्याकाळी भाग्यश्री खाली आली ती दारातच उभी राहिली. एरवी ती सरळ आत येऊन पाटावर बसायची. तिने सगळी हकिगत सांगितली, डोळे मात्र फरशीवर. वाचातज्ज्ञांची वेळ दोन आठवड्यांनंतरची मिळाली होती. तोवर घरात सगळ्यांनी नंदूशी फक्त मराठीतच बोलायचं, असं त्या दोघांनी ठरवलं होतं.

"तुम्हीपण बोलाल का, काकू? दोनच आठवडे."

नसीमबानू बोलीन म्हणाल्या. मग भाग्यश्रीने उरलेलं सांगितलं. तिच्या कंपनीच्या आवारात पाळणाघर होतं, सगळ्या मुलांशी तिथे एकाच भाषेत बोलतात, आणि एक तारखेपासून एक जागा रिकामी होत होती. सध्या नाव घालून ठेवलंय फक्त, असं ती दोनदा म्हणाली.

दोनदा म्हणाली तिथेच नसीमबानूंना कळायचं ते कळलं. दार लावून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि पोळ्या लाटायला बसल्या. अकरा मुलं या घरात बोलायला शिकली. एक वकील झाला, एक तर बोलायचा थांबतच नाही. आणि बाराव्या पोरीला आपल्या जिभेने मुकं केलं म्हणे. त्या दिवशी युसूफभाईंच्या ताटात पडलेली एकही पोळी गोल नव्हती, आणि युसूफभाईंनी शहाणपणा करून त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून नेम सुरू झाला. नसीमबानूंची मराठी काही लेचीपेची नव्हती. त्या मराठीत त्यांनी महापालिकेच्या माणसाला पाण्याच्या लाइनीसाठी तीन वेळा परत बोलावलं होतं. पण अडचण अशी की ती मराठी भांडायची होती, भाव करायची होती, सभ्य माणसाला सभ्यपणे घालवून द्यायची होती. तिच्यात त्यांनी कधी कुणाला भरवलं नव्हतं, न्हाऊ घातलं नव्हतं, की थोपटून निजवलं नव्हतं. पहिल्या दुपारी वरणभाताचा घास हातात घेऊन त्या म्हणाल्या, "राजनंदिनी, आपण आता जेवून घ्यावं." नंदूने मान वळवून मागे पाहिलं. कुणी पाहुणी आलीय असंच तिला वाटलं असणार.

युसूफभाईंची गत आणखी वाईट. त्यांची मराठी दुकानात घडलेली. दुपारी जेवायला आले, पोरगी धावत येऊन पायाला बिलगली, आणि त्यांच्या तोंडून सवयीने निघालं, "बोला ताई, काय बिघडलंय?" त्यानंतर ते जेवून सरळ दुकानात परत जाऊ लागले. गिऱ्हाइकं वाढलीत असं कारण देत. जानेवारीत पुण्यातले कुकर एकाएकी का बिघडावेत, हे नसीमबानूंनी विचारलं नाही.

वरच्या घरातली खबर सरुबाई आणायची. सरुबाई दोन्ही घरची धुणीभांडी करायची आणि बातम्यांची ने-आण त्यासोबत. "वरबी तीच गत हाय बघा," तिने सांगितलं. इंग्रजी बंद केल्यापासून दोघांना लेकीशी काय बोलावं तेच सुचेना. बॉल द्यायचा तर साहेब आधी विचार करतात, मग चेंडू म्हणतात, तोवर पोर सोफ्याखाली. एकदा चार्जरला मराठीत काय म्हणायचं यावरून दोघांचं वाजलं. सरुबाईने त्याला वायर म्हणा की, असं सुचवून पाहिलं होतं.

हे ऐकून नसीमबानू मनापासून हसल्या, पण ते हसू फार टिकलं नाही. कारण नंदू गप्प होत चालली होती. आधी ती सकाळी दारातूनच काहीतरी ओरडत आत शिरायची. आता आली की भिंतीशी बसायची आणि नसीमबानूंच्या तोंडाकडे बघत राहायची, टीव्ही बिघडल्यावर माणूस पडद्याकडे बघतो तशी. बोट दाखवायची, पण शब्द काढायची नाही. नसीमबानूंना वाटे, हे मीच करतेय. आणि दुसऱ्याच क्षणी वाटे, नाही केलं तर पोरगी हिंजवडीला जाईल. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. त्या आणखी कसोशीने, आणखी शुद्ध मराठी बोलू लागल्या.

नवव्या दिवशी मात्र नेम मोडला. तवा गॅसवरून काढून ओट्याच्या कडेला ठेवला होता आणि नंदू बसायच्या मोड्यावर चढून त्याच्याकडे हात नेत होती. नसीमबानू मराठी शब्द शोधत बसल्या नाहीत. "हात नक्को लगा!" एवढं त्यांच्या पोटातून आलं. नंदूने हात मागे घेतला. क्षणभर तोंड रडवेलं झालं आणि मग ते उजळलं, कारण नानी परत आली होती. "गरम," नंदू म्हणाली. "गरम. जलता. नक्को." मोड्यावरून उतरली आणि पुढचा अर्धा तास नसीमबानूंच्या मागेमागे फिरत घरातल्या एकेका वस्तूवर हात ठेवत गेली आणि तिचं नाव घेत गेली. जणू नऊ दिवस कुलुपात होतं ते सगळं जागच्या जागी आहे ना, याची खात्री करत होती.

नसीमबानू ओट्याला टेकून ऐकत राहिल्या. त्यांना रडू आलं, ते त्यांनी पदराने पुसलं, आणि मग त्यांनी जे केलं त्याची त्यांना पुढे कितीतरी दिवस लाज वाटत होती. दिलेला शब्द आठवून त्या पुन्हा मराठीत बोलू लागल्या. पोरगी थोडा वेळ थांबली आणि पुन्हा भिंतीशी जाऊन बसली. घडलेला प्रकार त्यांनी भाग्यश्रीला सांगितला नाही.

चौदाव्या दिवशी सकाळी भाग्यश्री खाली आली. दवाखान्यातून निरोप होता, मुलीला दिवसभर जे सांभाळतात त्यांनाही घेऊन या. चोराच्या मनात चांदणं. नसीमबानूंना वाटलं, तव्याची गोष्ट कुठूनतरी फुटली. बहुधा सरुबाई. तरीही त्यांनी ईदची हिरवी साडी काढली, केस नीट बांधले आणि आपल्यावर खटला चालणार असला तरी तिथे कुणी आपल्याला गबाळं म्हणू नये एवढी काळजी घेऊन त्या रिक्षात बसल्या. टिळक रस्ता येईपर्यंत नंदू त्यांच्या मांडीवर बसून साडीच्या काठावरचं नक्षीकाम मोजल्यासारखं करत होती.

वाचातज्ज्ञ कल्याणीबाई पस्तिशीतल्या होत्या आणि खुर्ची सोडून जमिनीवर बसलेल्या होत्या. खोलीत सतरंजी, तिच्यावर खेळण्यातलं स्वयंपाकघर. सुदर्शनने लॅपटॉप उघडून आपली यादी त्यांच्या पुढे धरली. यादी देखणी होती. शब्द, तारीख, वेळ, उच्चार स्पष्ट की अस्पष्ट, असे सगळे रकाने. कल्याणीबाई ती वाचत खाली गेल्या आणि शेवटी थांबल्या. खाली चौदा ओळी लाल होत्या, वर काट मारलेली. या काय आहेत, त्यांनी विचारलं.

सुदर्शनचं काम म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या. त्याने ऑफिसातल्याच गंभीरपणे समजावून दिलं. फॉर्मवर मातृभाषा मराठी लिहायची होती, त्यामुळे हिंदी शब्द आउट ऑफ स्कोप. आणि एकाच वस्तूला दोन शब्द आले तिथे एक ठेवून दुसरा डुप्लिकेट म्हणून काढला. माऊ ठेवलं, बिल्ली काढली. कल्याणीबाईंनी यादीवरून मान वर केली.

"म्हणजे मुलगी बोलली आणि तुम्ही खोडलं?"

नसीमबानूंना त्या बाई तत्क्षणी आवडल्या. पुणेरी माणूस आपल्या माणसाला ओळखतो.

मग त्यांची पाळी आली. कल्याणीबाई म्हणाल्या, काकू, तुम्ही दुपारी हिच्याशी खेळता तसं खेळा, मी फक्त बघते. नसीमबानू साडी सावरून सतरंजीवर बसल्या, खेळण्यातली कढई पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "नंदू, आपण आता स्वयंपाक करू या का?" नंदूने कढईकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि अंगठा तोंडात घातला. असं तीनचार वेळा झालं.

"घरी असंच बोलता तुम्ही?" कल्याणीबाईंनी विचारलं.

"हल्ली."

"आणि आधी?"

नसीमबानूंनी भाग्यश्रीकडे पाहिलं. साठीला टेकलेल्या बाईने तिशीतल्या मुलीकडे परवानगीसाठी बघावं, हे त्या खोलीत सगळ्यांना जाणवलं. भाग्यश्रीला सर्वांत जास्त. तिने घाईघाईने मान हलवली, बोला काकू, बोला.

नसीमबानूंनी खेळण्यातला प्लास्टिकचा कुकर उचलला, उलटासुलटा करून पाहिला. कुकर दुरुस्त करणाऱ्याच्या बायकोला तो बघवला नसावा. "क्या रे नंदू, ये कैसा कुकर? इसकी सीटी किधर गयी?"

नंदूने अंगठा तोंडातून काढला. पुढे येऊन कुकर हातात घेतला आणि झाकणावर बोट फिरवलं. "सीटी नै," ती म्हणाली. मग आत डोकावून, "दाल नै. पानी नै. खाली." झाकण लावून पाहिलं, ते लागेना. "टूटा. नाना. दुकान ले जाव." आणि कुकर नसीमबानूंच्या पिशवीत घालायला निघाली.

कल्याणीबाई हसू आवरत लिहू लागल्या, आणि पुढची वीस मिनिटं त्यांना मान वर करायला फुरसत मिळाली नाही. चौदा दिवसांची भूक होती ती. पोरीने पीठ मळलं, रोटी बेलली, ती फुगली, जली, फेकली. बाहुलीला न्हाऊ घातलं, आँख बंद कर म्हणून बजावलं. खिडकीतली चिडिया हाकलली. नसीमबानूही विसरल्या आपण कुठे आलोय ते. नंतर कल्याणीबाईंनी त्यांना दिवसाच्या क्रमाने विचारलं, सकाळी दार उघडल्यावर काय म्हणते, जेवताना काय, कुणी आलं तर काय. नसीमबानू आठवून आठवून सांगत गेल्या. ऐकून कळतं ते वेगळं आणि स्वतः बोलते ते वेगळं, हा फरक त्यांना कुणी सांगावा लागला नाही.

"शुक्रिया मात्र लिहू नका," त्या म्हणाल्या. "शिकवून दमले. घेते आणि चालू लागते."

शेवटी कल्याणीबाईंनी मोजलं. वरच्या घरचे एकोणचाळीस. सुदर्शनने खोडलेले चौदा त्यांनी परत घेतले. आणि नसीमबानूंकडचे, जे यादीत कुठेच नव्हते, ते अठ्ठावन्न. एकशे अकरा. मुलीला काही झालेलं नाही, त्यांनी सांगितलं. मूल जिथे जे करतं तिथले शब्द तिथल्या भाषेत शिकतं. वर ती झोपते, कपडे घालते, पुस्तकं बघते, म्हणून ते शब्द तुमचे. खाली ती जेवते, राबते, भांडते, म्हणून ते शब्द काकूंचे. दोन घरी जेवणाऱ्या मुलाचं एकाच घरचं ताट पाहिलं तर ते उपाशीच वाटणार. कुणी काही बंद करायचं नाही, ज्याने त्याने आपापल्या भाषेत भरपूर बोलायचं. नर्सरीसाठी मी पत्र देते.

सुदर्शनने तिथल्या तिथे लाल ओळी काळ्या केल्या. त्याला हायसं वाटलं होतं, आणि चूक सापडली की त्याला तसाही आनंदच होई. परतीच्या रिक्षात तो एकटाच बोलत होता. भाग्यश्री बाहेर बघत होती. तिने नसीमबानूंकडे एकदाही पाहिलं नाही, इमारत आल्यावर नंदूला उचललं आणि येते काकू एवढंच म्हणून लिफ्टमध्ये शिरली.

खटला जिंकला होता, पण आता नसीमबानूंना निकालाचीच भीती वाटू लागली. कुठल्या आईला आवडेल हे? पोटची पोर आपल्याशी एकोणचाळीस बोलते आणि खालच्या बाईशी त्याहून जास्त. त्यांनी स्वतःला तिच्या जागी ठेवून पाहिलं. नाजिमा लहान असताना असं कुणी आकडे काढून दाखवले असते तर आपण त्या बाईच्या घरी पोरीला पुन्हा पाठवली नसती, असं त्यांचं प्रामाणिक मत पडलं. गुरुवारी, शुक्रवारी नंदू आली, घर दणाणून सोडलं, युसूफभाईंची गिऱ्हाइकं एकाएकी कमी होऊन ते दुपारचे झोपायला राहू लागले. भाग्यश्री मात्र मुलीला सोडताना नजर चुकवत होती. एक तारीख सोमवारी होती.

शनिवारी दोघांना सुट्टी, नंदू वरच असायची. नसीमबानू मंडईतून दोन किलो मटार घेऊन आल्या होत्या आणि चटईवर सोलायला बसल्या होत्या. चारच्या सुमाराला बेल वाजली. दारात भाग्यश्री, कडेवर नंदू. नंदूने खाली उडी मारली आणि मटाराच्या ढिगाकडे कूच केलं. भाग्यश्री चपला काढून आत आली आणि तशीच उभी राहिली.

आता सांगणार, नसीमबानूंना वाटलं. त्यांनी शेंगेवरची नजर उचलली नाही.

"हिंजवडीचं नाव मी काढलं, काकू. बुधवारीच."

नसीमबानूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मग तीन दिवस मला का भाजलंस?" त्यांनी विचारलं. आवाज कोरा ठेवायचा होता, तो तसा राहिला नाही.

"लाज वाटत होती." भाग्यश्री खाली बसली. काकूंवर रागावण्याचा आपल्याला काहीच हक्क नव्हता आणि तरी राग आला होता, असं तिने सरळ कबूल केलं. मग तो नेमका कुणावर आहे हे तिला दोन रात्री कळत नव्हतं. "अठ्ठावन्न शब्द, काकू. माझ्या मुलीचे. आणि मी त्यातला एक पण तिच्या तोंडून ऐकला नव्हता."

नसीमबानूंच्या जिभेवर उत्तर तयार होतं. शनिवार पेठेचं, दोन शब्दांचं, जिव्हारी लागेल असं. ते त्यांनी गिळलं. असं त्यांच्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

"मी इथे बसू थोडा वेळ?" भाग्यश्रीने विचारलं. "काही करणार नाही. नुसती ऐकेन."

नसीमबानू चटईवर जरा सरकल्या. "बस की. पण मध्ये बोलू नकोस. ती कामात आहे."

भाग्यश्री भिंतीला टेकून बसली. नंदू खरोखरच कामात होती. शेंग दोन्ही हातांनी दाबायची, फटकन्‌ उघडली की "खुल गया" असं जाहीर करायची, दाणे भांड्यात टाकायची, टरफल दुसरीकडे. एक बारकी अळी निघाली तेव्हा "नानी, कीडा" म्हणून ती दाखवायला नेली आणि नसीमबानूंनी "बाहर छोड उसकू" म्हटल्यावर खिडकीपाशी जाऊन "जा, घर जा" असा तिला निरोप दिला. भाग्यश्री ओठ घट्ट मिटून ऐकत होती. एकेक शब्द पडला की तिचा हात आपोआप मोबाइलकडे जाई, टिपून घ्यायला, आणि ती तो परत मांडीवर ठेवी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते ती पुसतही नव्हती. नसीमबानूंना ते दिसलं आणि त्यांनी पाहिलं नाही असं दाखवलं.

खिडकीपासून परत येताना नंदूची नजर आईवर पडली. ती थांबली. या घरात रिकामं बसलेलं माणूस तिने बहुधा पाहिलेलं नव्हतं. तिने ढिगातल्या मूठभर शेंगा उचलल्या, आईच्या ओंजळीत ओतल्या, कमरेवर हात ठेवला आणि हुबेहूब नसीमबानूंच्या आवाजात म्हणाली, "रोती क्या? काम कर."

भाग्यश्रीने पदर नव्हता म्हणून बाहीने डोळे पुसले आणि मटार सोलायला घेतले.